पेटीची बाराखडी आणि आपले वय

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचे एक वय ठरलेले असते. जावळ काढण्याचे वय, शाळेत घालण्याचे वय, लग्नाचे वय, नोकरीला लागण्याचे वय आणि सगळे आटोपल्यावर गळ्यात माळ घालण्याचे वय. या यादीत शिकण्याचेही एक वय आहे आणि ते फार लवकर संपते. पदवीचा कागद हातात पडला की माणसाने कमवावे, शिकवावे, सल्ले द्यावेत; परंतु नव्याने काही शिकू नये, असा एक अलिखित ठराव समाजाने कधीच मंजूर करून टाकला आहे. त्यातही मोटार चालवणे, संगणक हाताळणे अशा उपयोगाच्या गोष्टी मोठ्या माणसाने शिकल्या तर त्याचे कौतुक होते. तो वाद्य शिकू लागला तर मात्र गाव हसते.

हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. मोठ्या वयात वाद्य शिकता येते, शिकावे, आणि आपल्या जळकोटसारख्या गावात तर ते शिकणे ही निव्वळ खाजगी हौस नसून गावाची गरज आहे, असे माझे मत आहे. या वादात मी तटस्थ साक्षीदार नाही, हे आधीच सांगून टाकतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बाजाची पेटी शिकायला बसलो आणि आता त्याला दोन वर्षे झाली. मला मैफल गाजवायची नाही. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते कलावंताचे मत नव्हे. ते एका नवशिक्याचे मत आहे. पण नवशिक्यालाही मत असू शकते, आणि शिकणे म्हणजे काय हे त्याला थोडे ताजे आठवत असते.

मोठ्या वयात वाद्य शिकण्याची गोष्ट निघाली की पाश्चात्य देशांत डोळ्यांपुढे पियानो येतो. आपल्याकडे पियानो दिसला तो हिंदी चित्रपटांत. श्रीमंताच्या बंगल्यातला जिना, जिन्याखाली पियानो आणि त्यावर बसून गाणारा दुःखी नायक. गोव्यात चर्चच्या शाळांनी मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले, त्यातून वादकांच्या पिढ्या तयार झाल्या आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद मिळाला. आपल्या भागात चर्चचे ते काम सप्ताहाने केले. अखंड हरिनाम सप्ताह असो, शिवनाम सप्ताह असो, तिथे वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी असायचीच. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या रागींपुढे पेटी असते, उरुसातल्या कव्वालापुढे पेटी असते आणि परमरहस्याच्या पारायणानंतरच्या भजनातही पेटी असते. देव कोणताही असो, भाता तोच. म्हणून पियानोचा प्रश्न आपल्या गावात पेटीचा प्रश्न होऊन येतो.

शिवाय पेटी ही पियानोची लांबची नातेवाईकच आहे. दोघींच्या पट्ट्यांची मांडणी एकच. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२; पण जळकोटात बसून जिथे ‘काळी तीन’ ओळखली, तिथेच ती व्हिएन्नाच्या पियानोवरही सापडेल. फरक आहे तो आवाज निघण्याच्या रीतीत. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि निघालेला नाद हळूहळू विरत जातो. पेटीत भात्याची हवा पितळी सुरांतून जाते आणि हवा आहे तोवर सूर टिकतो. म्हणून पियानो शिकणाऱ्याला काळजी बोटांच्या वजनाची, तर पेटी शिकणाऱ्याला काळजी श्वासाची. डाव्या हाताने पेटीला श्वास द्यायचा आणि उजव्या हाताने तिला बोलते करायचे, हे एकाच वेळी साधणे म्हणजेच पेटी शिकणे.

या बारा पट्ट्यांना मी पेटीची बाराखडी म्हणतो. अक्षरांची बाराखडी लहानपणी पाठ होते, तिच्यातली गंमत मात्र कळत नाही. पेटीची बाराखडी मोठेपणी शिकावी लागल्यामुळे तिची गंमत मला कळली. तीच थोडी सांगतो, कारण हे कोणत्याही प्रौढ विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात करून पाहता येते. केवळ पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एकला ‘सा’ मानून पुढे गेलात तर बिलावल थाटाचे स्वर मिळतात. पट्ट्या त्याच ठेवून ‘सा’ पांढरी दोनवर नेला की काफी, तीनवर नेला की भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज आणि सहावर आसावरी. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची जी दहा थाटांत मांडणी केली, त्यातले सहा थाट एकाही काळ्या पट्टीला हात न लावता हाती येतात.

आता काळ्या पट्ट्या पाहा. त्या पाचच. काळी तीनला ‘सा’ मानून पाचही काळ्या ओळीने वाजवल्या तर भूप रागाचे स्वर निघतात. काळी एकपासून त्याच पाच वाजवल्या तर दुर्गाचे, काळी चारपासून मध्यमाद सारंगाचे, काळी दोनपासून धानीचे आणि काळी पाचपासून मालकंसाचे. पट्ट्या पाच, राग पाच, बदलला तो केवळ उभे राहण्याचा बिंदू. केवळ स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असे नव्हे, हे मलाही समजते. रागाला चलन असते, विश्रांतीच्या जागा असतात, वेळ असते. तरीपण हे प्रथम कळले तेव्हा मला आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची आठवण झाली. जग तेच, पाहणारा कोठे उभा आहे त्यावर ते कसे दिसते हे ठरते, हे ते वर्गात तासभर समजावतात. पेटी ते अर्ध्या मिनिटात समजावते. सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली तर तो मान डोलावून पुढची पट्टी दाबील. चाळिशीतला माणूस मात्र तिच्यावर रात्रभर विचार करील. मोठ्या वयाचा हा पहिला फायदा.

पेटीवर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ही पेटी परदेशी, तिचे स्वर बांधलेले, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून ती भारतीय संगीताला मारक आहे, असे थोर थोर माणसांनी म्हटले आहे. यातले बरेच खरे आहे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हे वाद्य आकाराला आले. ते पायाने भाता चालवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला आपल्या बैठकीजोगे रूप दिले. भाता मागे, हाताने चालवायचा, वादक मांडी घालून जमिनीवर. हे रूप मिळताच पेटी देशभर पसरली. आपल्या संगीत नाटकांनी तर पायपेटी आणि ऑर्गन यांना रंगभूमीवर मानाची जागा दिली.

पुढे मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. इंग्रज अधिकाऱ्यांना ती नकोशी होती आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या कवीलाही ती नकोशी होती. स्वातंत्र्य आले तरी बंदी उठली नाही. ती अंशतः सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ या देशाच्या नभोवाणीवर पेटीला प्रवेश नव्हता. या तीस वर्षांत आपल्या भागात काय झाले? बंदी आली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १९४८ मध्ये मुक्त झालो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण सप्ताहातली पेटी हलली नाही. विद्वानांनी नाकारलेले वाद्य गावाने सांभाळले. जालन्याकडच्या आप्पा जळगावकरांनी (१९२२–२००९) याच वाद्यावर असे प्रभुत्व मिळवले की पंडित भीमसेन जोशींसारखे गायक त्यांची साथ घेत. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या वाद्याला रेडिओचे दार बंद होते, त्या वाद्याने मराठवाड्याच्या माणसाला राष्ट्रीय सन्मान मिळवून दिला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी.

श्रुतींचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात आणि गाणाऱ्याचा गंधार त्या भागात नेमका बसत नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला. परंतु हा आक्षेप मैफलीच्या गायकाचा आहे. नवशिक्याला, त्यातही मोठ्या वयाच्या नवशिक्याला, पेटीचा हा दोषच उपकारक ठरतो. सतार किंवा व्हायोलिन घेतले तर एक शुद्ध ‘सा’ काढण्यात महिने जातात. पेटीवर पट्टी दाबली की सूर तयार. ज्याच्यापाशी दिवसाचा अर्धा तासच आहे आणि आयुष्याची किती वर्षे आहेत याचा हिशेब जो करू लागला आहे, त्याला सुराच्या दारात तिष्ठत न ठेवणारे हे वाद्य आहे.

आता मुख्य प्रश्न. मोठ्या वयात शिकताना अडते कोठे? लोक म्हणतात बोटे अडतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. बोटे ताठ असतात हे खरे, अनामिका आणि करंगळी सुरुवातीला सांगितलेले ऐकत नाहीत हेही खरे. पण खरी अडचण कान आणि बोटे यांच्या वयातल्या अंतराची आहे. चाळीस वर्षे माणूस ऐकतच आलेला असतो. जात्यावरच्या ओव्या, काकड्याची भजने, काल्याचे कीर्तन, लग्नातली सनई, रेडिओवरची नाट्यगीते, सारे कानात साठलेले असते. कान चाळिशीचा आणि बोटे तान्ही. लहान मूल जे वाजवते ते त्याला स्वतःलाच गोड लागते, कारण त्याचा कान त्याच्या बोटांइतकाच लहान असतो. मोठ्या माणसाला मात्र आपण किती वाईट वाजवतो हे स्पष्ट ऐकू येते. बहुतेक प्रौढ विद्यार्थी तिसऱ्या महिन्यात वाद्य सोडतात ते या ऐकू येण्यामुळे, असा माझा कयास आहे. बोटांना ते उगाच दोष देतात.

परंतु हाच जाणता कान त्यांचे भांडवलही आहे. लहान मुलाला अभंगाची चाल आधी शिकवावी लागते, मग ती पेटीवर काढायला शिकवावी लागते. मोठ्या माणसाला चाल येतच असते. पट्टी चुकली की कान त्याच क्षणी टोकतो. म्हणजे त्याचा मास्तर चोवीस तास त्याच्या सोबत आहे. प्रश्न एवढाच की हा मास्तर फार कडक आहे आणि त्याला थोडे सबुरीने घ्यायला शिकवले पाहिजे.

मला शिकवणारे गृहस्थ जवळच्याच एका खेड्यातले आहेत. व्यवसाय शिवणकामाचा, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना स्वरलिपी येत नाही, रागांची नावे अर्धीच माहीत, पण दोनेकशे अभंगांच्या चाली त्यांच्या बोटांत आहेत. त्यांनी पहिले पंधरा दिवस मला एकही गाणे वाजवू दिले नाही. एकच पट्टी दाबून धरायची आणि भाता असा चालवायचा की सूर थरथरता कामा नये. पुढे पलटे आले, सारेग रेगम गमप. माझी गती वाढू लागली की ते म्हणत, “सर, बोटं घाई करूलाल्यात. भात्याकडं बघा.” त्यांच्या एवढ्या एका वाक्यात अध्यापनशास्त्राचा एक पाठ आहे. ज्या हाताकडे कोणाचे लक्ष नसते त्या हातावर सारे वाजणे उभे असते. त्यांनी शिकवलेले मी घरी येऊन भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत उतरवतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. लिहिता येणे हा मोठ्या वयाचा दुसरा फायदा. त्यांच्या बोटांतल्या चाली कागदावर येत आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी कोणी पेटीला हात लावत नाही.

इतिहासातही मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची वाण नाही. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात सॉक्रेटिस सांगतो की आपण या वयात कोनस नावाच्या शिक्षकाकडे तंतुवाद्य शिकायला जातो. वर्गातली पोरे आपल्याला हसतात आणि त्या बिचाऱ्या कोनसलाही ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ म्हणून चिडवतात. म्हणजे हसणारे गाव अडीच हजार वर्षांपूर्वीही होते आणि सॉक्रेटिसने त्याची पर्वा केली नाही. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट चाळिशीत चेलो शिकू लागले आणि १९७८ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर एक पुस्तकच लिहिले. आपले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) लहान वयातच पेटीकडे वळले. पण तेही या वाद्यात बव्हंशी स्वतःच्या कानाने शिकले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गुरूची आणि वयाची अट जितकी कडक सांगितली जाते तितकी ती असतेच असे नाही.

विज्ञानही आता याच बाजूला झुकते आहे. २००४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कसरत शिकवली. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ झालेली दिसली. सराव थांबवल्यावर ती वाढ पुन्हा ओसरत गेली. प्रौढ मेंदू म्हणजे पालथा घडा नव्हे, एवढे यावरून दिसते. घडा सुलटाच आहे. त्यात रोज थोडे पाणी ओतावे लागते, इतकेच.

“आता ह्या वयात पेटी शिकूलालाव व्हय सर? काय उपयोग?” हा प्रश्न मला बसस्थानकावर, बाजारात आणि स्टाफरूममध्येही विचारला गेला. विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. आपण सर्वच ‘उपयोग’ या शब्दाचे गुलाम झालो आहोत. संगीतही आपण उपयोगाच्या खात्यात जमा केले आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत संगीत नेले, याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. पण अलीकडे दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून, पुष्कळ घरांत पेटी दहावीपर्यंत वाजते आणि निकालाच्या दिवशी माळ्यावर जाते. गुण मिळाले, काम झाले. ज्याला गुण मिळायचे नाहीत, ज्याची बढती त्यावर अवलंबून नाही, असा मोठा माणूस शिकू लागला तर तो केवळ सुरासाठी शिकतो. मला वाटते, घरात असा एक जरी माणूस रोज अर्धा तास अडखळत वाजवताना दिसला, तरी मुलांना कळेल की शिकणे ही परीक्षेची बहीण नाही. आपले वडील किंवा आई चुकताहेत, पुन्हा वाजवताहेत, पुन्हा चुकताहेत, हे पाहणे मुलाला दहा उपदेशांहून अधिक शिकवते.

ही झाली घरची गोष्ट. गावची गोष्ट अधिक काळजीची आहे. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार हा सारा पट्टा भजनाचा. एके काळी गावातला पेटीवाला गावातलाच असे. दिवसा तो शेतकरी, सुतार, शिंपी, मास्तर. रात्री मंदिरात पेटीवाला. तो बहुधा मोठेपणीच शिकलेला असे, एखाद्या जुन्या पेटीवाल्याच्या शेजारी बसून, पाहून आणि ऐकून. म्हणजे ज्याला आपण आज ‘प्रौढांचे संगीतशिक्षण’ असे जड नाव देऊ, ते आपल्या खेड्यांत विनाफी चालू होते. आज मी ज्या ज्या सप्ताहाला जातो तिथे पेटीवाला पांढऱ्या केसांचा दिसतो किंवा बाहेरगावाहून ठरवून आणलेला दिसतो. तरुणांचा उत्साह कमी झालेला नाही. तो ध्वनिक्षेपकाच्या भिंतींकडे वळला आहे. कोठे कोठे तर मोबाईलमधली तयार साथ लावून भजन म्हणतात. यंत्र सुरात असते, यात शंका नाही. पण गाणारा भावनेच्या भरात एक चरण तीनदा घोळवू लागला तर यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही, माणूस थांबतो. साथ या शब्दाचा अर्थच तो आहे. आणि प्रत्येक म्हाताऱ्या पेटीवाल्यासोबत त्या गावाच्या चाली जातात. अभंग गाथेत राहतात, पण त्या गावाने तो अभंग कसा म्हटला हे कोणत्याच गाथेत लिहिलेले नसते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या भागात महिलांची भजनी मंडळे वाढत आहेत. एकादशीला, श्रावणात, नवरात्रात बायका उत्तम भजन म्हणतात. टाळ त्यांचे, आवाज त्यांचे, पाठांतर त्यांचे. पेटी मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाची. तो आला तर पेटी, नाही आला तर नुसते टाळ. पुन्हा त्याची सवय पुरुषांच्या पट्टीची. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायकांचा आवाज काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो. पेटीवाल्याने आपल्या सवयीचा ‘सा’ धरला की या बायकांचा आवाज खाली घुटमळतो किंवा वर ताणला जातो, आणि मग ‘बायकांना सूर नाही’ असा शेरा मारायला सगळे मोकळे. सूर त्यांना आहे. त्यांची पट्टी ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नाही. या बायका बहुतेक पस्तीस ते साठ वयाच्या. त्यांच्यातल्या एकीने पेटी शिकली तर सारे मंडळ आपल्या आवाजाच्या पट्टीत गाऊ लागेल. यात ‘मोठ्या वयात शिकून काय उपयोग’ असे कोण म्हणू शकेल?

विरुद्ध बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. चाळिशीत सुरुवात करणारा माणूस आप्पा जळगावकर होणार नाही. द्रुत तानांच्या साथीला लागणारी बोटांची चपळाई त्याला बहुधा लाभणार नाही. संसार, नोकरी, शेती, आजारपणे यांतून सरावाला वेळ मिळणे कठीण, आणि आठ दिवस खंड पडला की पंधरा दिवसांचे शिकलेले पुसट होते. तरीसुद्धा भजनाच्या साथीला लागते ते एवढेच : गाणाऱ्याचा सूर चटकन ओळखणे, चाल न चुकवणे आणि ठेक्यात राहणे. नियमित सरावाने हे दोन-तीन वर्षांत कोणत्याही सामान्य माणसाला येऊ शकते, असे माझे गुरुजी सांगतात, आणि त्यांनी ते करून दाखवले आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती आपल्या महाविद्यालयापुढे ठेवतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव जवळ आला की महाविद्यालयाची पेटी कपाटातून निघते आणि महोत्सव संपला की परत आत जाते. युवक महोत्सवाला वयाची अट असते आणि ती योग्यच आहे. पण कपाटाला ती अट कशासाठी? आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते सहा, ती पेटी एका खोलीत उघडी राहावी. तिथे विद्यार्थ्यांनी यावे, प्राध्यापकांनी यावे, कार्यालयातल्या मंडळींनी यावे आणि गावातल्या भजनी मंडळाच्या बायकांनीही यावे. शिकवायला परगावचा विशारद नको; आसपासच्या खेड्यांतले जुने पेटीवाले आळीपाळीने बोलवावेत, त्यांना सन्मानाने मानधन द्यावे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, अभंग लिहून घ्यावेत, ज्यांना स्वरलिपी येते त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवाव्यात. २०२२ मध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा आपण सर्वजण अभिमानाने गेलो होतो. आपल्या बोलीचा अभिमान धरणाऱ्यांनी आपल्या चालींचाही थोडा धरावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक वेगळेच सांगायचे आहे. तुम्ही अठरा-वीस वर्षांचे आहात आणि तुमच्यातले कित्येक जण आत्ताच म्हणतात, “सर, लहानपणी शिकायला पाहिजे होतं, आता उशीर झाला.” विसाव्या वर्षी उशीर झाल्याची ही भावना तुम्हांला कोणी दिली याचा विचार करा. मी बेचाळिसाव्या वर्षी बसलो. तुमच्यापाशी माझ्याहून बावीस वर्षे जास्त आहेत. तरीही तुम्हांला आज वेळ नसेल तर हरकत नाही. नोकरी लागू द्या, लग्न होऊ द्या, मुले शाळेत जाऊ द्या. नंतर केव्हाही बसा. भाता हलका धरा, पांढरी एक दाबा आणि सूर स्थिर होईपर्यंत थांबा.